शेवटच्या प्रवेशाला परवानगी नाही

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आमच्यापैकी निम्म्यांना शाळेत असताना बाकावर उभं करणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका संघमित्रा मॅडम. व्यासपीठावर बसलेले मान्यवर. आपल्या खाडीकाठ नाट्य मंडळाचे संस्थापक, अध्यक्ष, दिग्दर्शक आणि आजचे सत्कारमूर्ती श्री. कमलाकर घरत सर. सरांची इतकी वर्षं वाट बघत जेवणं गरम करणाऱ्या प्रेमलाकाकी. पडद्यामागे रंग लावून तयार बसलेले आमचे कलाकार. आणि बेलापूरपासून कळंबोलीपर्यंतच्या गावांतून वेळात वेळ काढून आलेल्या माझ्या रसिक मायबापांनो, आपणा सर्वांना नमस्कार.

मागे आवाज येतोय ना? शेवटच्या रांगेतले हात वर करा. येतोय. छान. शेवटच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे हे मला सरांनीच शिकवलं. पोटातून श्वास घे, सुचिता, गळ्यातून ओरडू नको. आज त्यांचं हे शिकवणं मी पुरेपूर वापरणार आहे.

मी सुचिता मढवी, मंडळाची कार्यवाह. कार्यवाह म्हणजे मोठं काही नसतं. नाटकाला लेखकाची परवानगी आणायची, हॉलची तारीख मिळवायची, सेन्सॉरचं सर्टिफिकेट आणायचं आणि चहा कमी पडला तर बोलणी खायची. आजच्या कार्यक्रमात शाल झाली, श्रीफळ झालं, मानपत्र वाचून झालं. आता माझं मनोगत आणि त्यानंतर लगेच नाटक. पत्रिकेत सरांनी स्वतः छापून घेतलंय, ‘साहेब, मीठ घ्या!’, लेखक आणि दिग्दर्शक कमलाकर घरत, शेवटच्या प्रवेशात साहेबाच्या भूमिकेत स्वतः कमलाकर घरत. तुम्ही बघताच आहात, सर सफारी घालूनच बसलेत. कानामागे थोडा रंग राहिलाय सर, पुसून घ्या. काकी, रुमाल द्या त्यांना.

सरांबद्दल चांगलं बोलायचं तर पुष्कळ आहे, आणि ते मी बोलणार आहे. बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत नोकरी करून, संध्याकाळी सहा वाजता तालमीला हजर राहणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आमच्या खाडीकाठच्या गावांतून, दिघ्याच्या वस्तीतून, सेक्टरच्या सोसायट्यांतून पोरं गोळा करून त्यांना स्टेजवर उभं केलं ते सरांनी. ज्या पोराला वर्गात नाव सांगताना घाम फुटायचा तो त्यांच्या हाताखाली नवरदेव झाला, इन्स्पेक्टर झाला, यमराज झाला. टाळ्या वाजवा ना. त्या त्यांच्या हक्काच्या आहेत.

आणि नाटक निवडण्याची सरांची पद्धत तर काय सांगावी! दर वर्षी गणपती उठले की आमची बैठक बसायची. मी पाच-सहा नाटकं घेऊन यायची, वाचन व्हायचं. एकात बायका जास्त, एकात बायका कमी. एकात घराला जिना हवा, आणि आमच्याकडे सेटला जिना म्हणजे दोन टेबलं. एका नाटकात म्हातारा दुसऱ्या अंकात मरतो, तर आमचे म्हातारे म्हणणार, मग तिसऱ्या अंकात आम्ही काय करायचं? सर डोळे मिटून ऐकायचे. वाचन संपलं की एकच प्रश्न विचारायचे. “शेवटी कोण येतं?”

नवीन माणसाला कळायचं नाही. आम्हाला कळायचं. शेवटी कोणीतरी आलं पाहिजे, सगळा गुंता सोडवला पाहिजे आणि टाळ्या घेतल्या पाहिजेत. आणि ते कोणीतरी म्हणजे सर.

हसताय तुम्ही. हसा. आम्ही एकदा दोनच पात्रांचं नाटक केलं होतं, आठवतंय? बेटावर अडकलेले नवरा-बायको. चहूबाजूंनी समुद्र. शेवटी तिसरा माणूस आला. बंदर खात्याचा अधिकारी. होडी कुठून मिळाली, वाट कशी सापडली, कोणी विचारू नये. सर आले, दोघांची समजूत काढली, पडदा पडला.

त्या नाटकाच्या परवानगीला मीच गेले होते, डोंबिवलीला. लेखक वयस्कर, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. सर माझ्याबरोबर होते. लेखकाने एकच अट घातली, “शेवट बदलू नका. बाकी तुम्हाला सुचेल ते करा.” सरांनी त्यांचे पाय धरले. म्हणाले, “काका, काना-मात्रेला हात लावणार नाही.” आम्ही गाडीत बसलो. महाप्याच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा सर म्हणाले, “सुचिता, शेवट जरा पडतोय. मी एक छोटा प्रवेश लिहितो.”

प्रयोगाला ते लेखक आले होते. डोळ्यांना हिरवी पट्टी लावून. मध्यंतरात माझा हात धरून म्हणाले, “मुली, छान चाललंय.” नंतर त्यांना काय वाटलं ते मी त्यांच्याकडून फोनवर ऐकून घेतलं, कारण सर फोन उचलत नव्हते. अशी किती माणसांची बोलणी मी खाल्ली असतील? मी मोजली नाहीत. पण त्या प्रत्येक फोनमध्ये मी एक गोष्ट शिकत होते. लेखकाला कुठे दुखतं, ते.

मॅडम, तुम्ही घड्याळाकडे बघताय. मला माहीत आहे, नाटकाला उशीर होतोय. पण मी जे बोलतेय ते नाटकाबद्दलच आहे. थोडं सांभाळून घ्या.

आता ‘साहेब, मीठ घ्या!’ या नाटकाकडे येते. हे नाटक लिहिलं कोणी?

पत्रिका बघू नका. समोरच्या रांगेत जी गावची माणसं बसली आहेत त्यांच्याकडे बघा. त्यातल्या एकानेही मान वर केलेली नाही. कारण त्यांना ठाऊक आहे. हे नाटक माझ्या बाबांनी लिहिलं. हिरामण मढवी. कंपनीत फिटर होते. सरांच्याच गल्लीतले, सरांच्याच वर्गातले. दोघं एकत्र खाडीत पोहायला शिकले.

बाबांच्या नाटकाचं नाव होतं ‘गोजराचा मीठ’. गोजरा म्हणजे माझी आजी, बाबांची आई. आयुष्यभर मिठागरात राबली. पायाला चिरा पडलेल्या, त्यात खारं पाणी. शहर आलं, मिठागरं गेली. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांना काही ना काही मिळालं. मिठागरात राबणाऱ्या बाईच्या नावावर काय असणार? ती कचेरीत गेली. साहेब म्हणाला, तुम्ही तिथे काम करत होता याला पुरावा काय? तर आजीने कनवटीची पुरचुंडी सोडली आणि त्याच्या टेबलावर मूठभर मीठ ठेवलं. “मी कोन हाय, ता कागदान नाय गावनार सायेब. ह्या मीठ हाय माज्या हातचा. चाखा.”

एवढंच नाटक. साहेब चाखत नाही. तो उठून जेवायला जातो. आजी तिथेच बाकावर बसून राहते. दिवे मंद होतात. कोणी येत नाही.

बाबांनी ते सरांच्या हातात दिलं. स्पर्धेला द्यायचं ठरलं. स्पर्धेच्या अर्जावर लेखकाची सही लागते, म्हणून अर्जावर लेखक म्हणून बाबांनी सही केली. तालमीला येऊ का, असं बाबांनी विचारलं. सर म्हणाले, “हिरामन, तू आपलाच मानूस. दिग्दर्शकाच्या कामात लेखकाने नाक खुपसायचं नसतं. तू थेट प्रयोगाला ये, आईला घेऊन ये.”

बाबा आपलाच माणूस होते ना. मग त्यांनी कशाला शंका घ्यावी?

प्रयोगाच्या दिवशी आम्ही चौघं गेलो. बाबा, माझी आई विमलबाई, आजी आणि मी. मी चौथीत होते. आजी आयुष्यात पहिल्यांदा नाटकाला आलेली. नवं लुगडं, केसांत अबोली. पाचव्या रांगेत आम्ही बसलो. पडद्यामागून घोषणा झाली. ‘साहेब, मीठ घ्या!’ बाबांनी आईकडे बघितलं. हे कुठलं नाटक? मग पुढचं ऐकू आलं. “मूळ कल्पना, हिरामण मढवी. लेखन आणि दिग्दर्शन, कमलाकर घरत.” सही घ्यायला लेखक हवा होता, नाव घ्यायची वेळ आली तेव्हा नको झाला.

पण रसिकहो, नावाचं दुःख बाबांनी गिळलं असतं. खरंच गिळलं असतं. पुढे जे झालं ते गिळता आलं नाही.

बाबांच्या नाटकात सगळा गाव आगरी बोलतो. पाटील, दुकानदार, बायका, पोरं, सगळे. एकटा साहेब शुद्ध पुस्तकी बोलतो आणि तोच परका वाटतो. बाबांच्या नाटकात हसू येतं ते साहेबाचं. सरांनी काय केलं? सगळ्या गावाची भाषा शुद्ध करून टाकली. परीक्षकांना कळायला हवं म्हणे! आणि एकट्या गोजराला आगरीत ठेवलं. वर तिला एक नाकातला आवाज दिला. एकट्या माणसाला वेगळं बोलायला लावलं की लोक हसणारच. त्यात सभागृहाचा काय दोष? गोजराने तोंड उघडलं की हॉल खदखदत होता. तिने मिठाची पुरचुंडी सोडली तेव्हा तर लोक खुर्चीत वाकून हसत होते. साहेबाने, म्हणजे सरांनी, मीठ चाखलं, तोंड वाकडं केलं, पुन्हा हशा. मग शेवटचा प्रवेश आला. साहेबाला दया येते, तो गोजराला मावशी म्हणतो, तिच्या हातात एक कागद देतो, ती त्याच्या पाया पडते. टाळ्या. किती टाळ्या!

माझ्या आजीने बाबांना हळूच कारण विचारलं, “हिरामन, लोका मना कनाला हसतान रं?”

 आजीने थोडा वेळ इकडेतिकडे पाहिलं. मग तिने पदर तोंडाला लावला आणि तीसुद्धा हसायला लागली. पोराचं नाटक आहे, सगळे हसताहेत, आपण नाही हसलो तर पोराला वाईट वाटेल, असं तिला वाटलं. मी तिच्या मांडीवर हात ठेवून बसले होते. 

त्या वर्षी पहिलं बक्षीस मिळालं. दिग्दर्शनाचं सरांना, अभिनयाचं सरांना. बाबांनी पुन्हा काही लिहिलं नाही. सर रस्त्यात भेटले की बाबा मान खाली घालून जायचे, जणू चूक यांचीच. आजी गेली. पुढे बाबाही गेले. सर दोन्ही वेळेला आले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “आपला मानूस गेला.” प्रत्येक वेळी तोच शब्द.

आता तुम्ही विचाराल, मग सुचिता, तू याच माणसाच्या मंडळात का आलीस? बाबांचा वारसा चालवायला आली असं सगळे समजतात. मागच्या वर्धापनदिनी सर तेच म्हणाले, माझ्या डोळ्यांत पाणीही आलं होतं. सर, ते पाणी रागाचं होतं. मी सूड घ्यायला आले होते. हा शब्द निरोप समारंभात बोलू नये हे मला कळतं. पण मनात एक आणि तोंडावर दुसरं, हे तर नाटक झालं, आणि ते अजून सुरू व्हायचंय.

कसा घ्यायचा, ते मात्र ठाऊक नव्हतं. तुमच्या तोंडावर ओरडले असते तर तुम्ही म्हणाला असतात, पोरगी भावनेच्या भरात बोलतेय. म्हणून मी परवानगीचं काम मागून घेतलं. कोणालाच नको असतं ते. लेखकांच्या दारात बसायचं, त्यांचे हट्ट ऐकायचे. मला हवं होतं. लेखक गेल्यावर नाटक कोणाचं होतं, कोणाला विचारावं लागतं, विचारलं नाही तर काय करता येतं, हे मी एकेका घरी बसून शिकले. आणि वाट बघत राहिले. तुम्ही कधी ना कधी ते नाटक परत काढणार, याची मला खात्री होती. ज्या शेवटाला तुम्हाला सगळ्यात जास्त टाळ्या मिळाल्या तो तुम्ही सोडून जाणार नव्हतात.

आणि गणपतीनंतर बैठक बसली. सर म्हणाले, “या वेळी वाचन नको. माझा निरोप आहे, माझंच करा. ‘साहेब, मीठ घ्या!’ शेवटचा प्रवेश मी करतो.” आमचा ऋषी, जो आज घंटेपाशी उभा आहे, नवीन आहे, भोळा आहे, त्याने विचारलं, “सर, परवानगी कोणाची घ्यायची?”

सर हसले. “अरे, घरचं नाटक हाय. आपल्या माणसाची कसली परवानगी?”

मी तिथेच होते. चहाचे कप गोळा करत होते. खोलीत दहा माणसं होती आणि दहाही जणांना माझं आडनाव माहीत होतं. तीस वर्षं आपण परक्या लेखकांकडे पेढे घेऊन गेलो, डोंबिवलीला गेलो, साताऱ्याला गेलो, पाय धरले, काका म्हणालो. पण शेजारी उभ्या असलेल्या मुलीला, हे तुझ्या बापाचं नाटक आहे, करू का, एवढं विचारायला कोणाची जीभ उचलली नाही. कारण ती आपली. मॅडम, आपल्याकडे आपला म्हणजे ज्याला विचारावं लागत नाही तो. सर जाताना मला म्हणाले, “सुचिता, ते सेन्सॉरचं तेवढं बघ.”

बघते म्हणाले. आणि बघितलं.

मग दोन दिवसांनी एक माणूस आमच्या घरी आला. आजच्या प्रयोगाची जबाबदारी सरांनी ज्याच्यावर टाकली तो दिपेश. चपला बाहेर काढल्या, आईसमोर जमिनीवर बसला आणि म्हणाला, “काकी, हिरामणकाकांचं नाटक करू का?” बैठकीतल्या दहांमधला हा एकटा. रात्रभर झोप लागली नाही म्हणाला.

आईने त्याला एकच विचारलं. “माझ्या सासूवर हसवनार काय रं लोकांना?”

“नाय काकी.”

“मग कर. पन ह्यांनी लिवलंय तसा कर.”

ही आमची परवानगी. आई आणि मी, आम्ही दोघी वारस. ‘गोजराचा मीठ’ या नाटकाला, बाबांनी लिहिलं तसं, शब्दन् शब्द. कागदावर रीतसर दिली आहे आणि सेन्सॉरलाही हीच संहिता दाखल करून सर्टिफिकेट आणलं आहे. ‘साहेब, मीठ घ्या!’ या नाटकाला मात्र आम्ही परवानगी दिलेली नाही. त्यातल्या शेवटच्या प्रवेशाला तर मुळीच नाही.

सर, बसा. बसा ना. तुम्हीच शिकवलंत, दुसऱ्याचं वाक्य चालू असताना जागा सोडायची नसते.

काय म्हणालात? तालमी? हो, संध्याकाळी सहाच्या तालमी तुमच्या नाटकाच्याच झाल्या. तुमच्यासमोर. कलाकारांनी तुमचे सगळे हशे बसवले. आणि रविवारी सकाळी कळंबोलीला, आपल्या मिथुनच्या ट्रान्सपोर्टच्या शेडमध्ये, ट्रकांच्या मधल्या जागेत दुसऱ्या तालमी झाल्या. तिथे गोजराचा मीठ बसलं. आज गोजरा करणारी पायल दिघ्याची, तिचे आईवडील मराठवाड्यातले. तिला आगरीचा गंध नव्हता. महिनाभर ती माझ्या आईपाशी येऊन बसली, भाकरी थापायला शिकली, पाय कसे ओढत चालायचे ते शिकली. पहिल्या दिवशी तिने आजीचं वाक्य म्हटलं तेव्हा तो नाकातला आवाज काढला, कारण इथे सगळ्यांना वाटतं आगरी असंच बोलायचं असतं.  आईने तेच वाक्य स्वतः म्हणून दाखवलं, रोज बोलते तसं. पायल रडली. पुन्हा तिने तो आवाज काढला नाही.

दिपेशला मी दोष देऊ देणार नाही, सर. तो म्हणत होता, “ताई, सरांना आधी सांगू या. म्हातारपणी त्यांना लागेल.” मी म्हटलं, “बाबांना कोणी आधी सांगितलं होतं? त्यांना घोषणा ऐकूनच कळलं. यांनाही तसंच कळू दे.”  हा निर्णय माझा आहे. जे काही रागवायचं ते माझ्यावर रागवा. मी पुरी पडेन.

समोर बसलेल्या काही जणांना वाटत असेल, मुलीने भरल्या सभेत म्हाताऱ्या माणसाचा पाणउतारा केला. शाल पांघरून घेतलेल्या माणसाशी असं वागावं का? विचारा स्वतःला. पण तेवढंच हेही विचारा, नवं लुगडं नेसून आलेल्या म्हातारीला भरल्या सभेत हसलो होतो तेव्हा आपल्यातल्या कोणी विचारलं होतं का? तेव्हा या हॉलमध्ये बसलेले काही जण आजही इथे बसले आहेत. मी त्यांची तोंडं ओळखते.

मॅडम, दोनच मिनिटं.

सर, आता तुमच्यासाठी. तुमचा सत्कार खोटा नाही. शाल तुमची, मानपत्र तुमचं, पोरं उभी केलीत तेही तुमचं. त्यातलं आम्ही काही परत मागत नाही. नाटक तेवढं आमचं आहे. ते घेतलं परत.

तुमची खुर्ची आता व्यासपीठावर राहणार नाही, इथे सेट लागायचा आहे. विंगेतही तुमचं काम नाही. खाली पाचव्या रांगेत एक जागा ठेवली आहे. तिथे त्या दिवशी आजी बसली होती. त्या जागेच्या एका बाजूला माझी आई बसली आहे. हो, तीच, पांढऱ्या केसांची, तुमच्याकडे बघतेय ती. तिच्या शेजारी बसा. प्रेमलाकाकी, तुम्हीही या, तुमच्याशी आमचं काही वाकडं नाही. सफारी राहू द्या अंगावर, चालेल.

नाटकात हसू आलं तर हसा. साहेब बोलेल तेव्हा येईल. तो आज शेवटपर्यंत मिथुनच करतोय, आणि त्याने तुम्हाला इतकी वर्षं जवळून पाहिलंय. पण शेवटी पायल बाकावर बसेल, मीठ टेबलावर असेल आणि दिवे मंद व्हायला लागतील. सर, त्या क्षणी तुमचे पाय आपोआप उठतील. मला माहीत आहे, तुमच्या अंगात ते भिनलंय. उठू नका. आज कोणी येणार नाही. खरं तर तेव्हाही कोणी आलं नव्हतं. आजी संध्याकाळपर्यंत त्या बाकावर बसून होती, शेवटी शिपायाने कचेरी बंद करायची म्हणून उठवलं तिला. तुम्ही शेवटचा प्रवेश लिहिलात तेव्हा तुम्हालाही ते माहीत होतं. बाबांनीच सांगितलं होतं तुम्हाला, खाडीच्या बांधावर बसून. तेवढा वेळ, फक्त तेवढा वेळ, तुम्ही आज तिच्याबरोबर बसा. मला दुसरं काही नको.

हा मंच मला दिल्याबद्दल मंडळाचे, हॉलची तारीख दिल्याबद्दल व्यवस्थापकांचे, माइक बंद न केल्याबद्दल साउंडवाल्या भावाचे आणि उठून न गेल्याबद्दल तुम्हा सगळ्यांचे मी मनापासून आभार मानते. बोलण्याच्या ओघात कोणा पाहुण्याचं नाव राहिलं असेल, मानपानात काही उणं पडलं असेल, आवाज चढला असेल, तर आपलंच लेकरू समजून पदरात घ्या. सर, तुमच्याकडे मी क्षमा मागत नाही. आणि तुम्हीही माझ्याकडे मागू नका. ज्यांच्याकडे मागायची ते दोघेही आता नाहीत.

आता तेवढी घोषणा करते आणि थांबते. त्या दिवशी जी झाली होती ती मला पाठ आहे, आज त्यातली चूक दुरुस्त करायची आहे.

खाडीकाठ नाट्य मंडळ सादर करत आहे, दोन अंकी नाटक, ‘गोजराचा मीठ’. दिग्दर्शन, दिपेश ठाकूर. लेखन, हिरामण मढवी. मूळ कल्पना, गोजरा मढवी.

ऋषी, तिसरी घंटा दे.